लॅपटॉपच्या आतील माईकमध्ये सतत ‘घूं’ आवाज. वीज गेली की मात्र ध्वनिमुद्रण स्वच्छ

शहापूरचे गुरुजी (बेळगाव)

सर्वांना नमस्कार. मी मराठी शाळेतून निवृत्त झालेला शिक्षक असून बेळगावच्या शहापूर भागात राहतो. खानापूर तालुक्यातील काही मुले दर आठवड्याला शिकवणीसाठी येथवर येऊ शकत नाहीत. त्यांच्यासाठी मी कविता व धडे लॅपटॉपवर वाचतो, ऑडॅसिटी या ध्वनिमुद्रणाच्या सॉफ्टवेअरमध्ये त्यांची ध्वनिफीत करतो आणि ती व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवितो. वेगळा माईक माझ्याकडे नाही. पडद्याच्या वरच्या कडेला कॅमेऱ्याशेजारी जो माईक आहे, तोच वापरतो.

अडचण अशी आहे की प्रत्येक ध्वनिफितीत माझ्या आवाजाच्या मागे एक सलग ‘घूं’ ऐकू येतो आणि त्यावर वाऱ्यासारखा ‘सूं’ असतो. मी दोन ओळींच्या मध्ये थांबलो की हा आवाज हळूहळू वर चढतो आणि मी पुन्हा वाचू लागलो की एकदम दबतो. कवितेत विरामाला किती महत्त्व असते हे मी येथे सांगावयास नको; नेमका तोच विराम या आवाजाने भरून जातो. एका मुलीने मला विचारले, “गुरुजी, तुमच्याकडे पिठाची गिरणी आहे का?”

लॅपटॉप पाच वर्षांपूर्वीचा आहे, त्याचे अंग धातूचे आहे आणि त्यावर विंडोज ११ आहे. आवाज बारीक येतो म्हणून एका जुन्या विद्यार्थ्याच्या सांगण्यावरून माईकची पातळी १०० आणि बूस्ट (माईकचा आवाज आणखी मोठा करण्याची सोय) +३० डेसिबल केलेला आहे. टेबलाची थरथर माईकमध्ये येऊ नये म्हणून लॅपटॉपखाली गोधडीची चौपदरी घडी ठेवतो. घर जुने, त्यामुळे त्या खोलीत दोन पिनांचाच सॉकेट आहे व चार्जरला मध्ये एक कन्व्हर्टर पिन लावावी लागते. शहरातील एका दुरुस्तीच्या दुकानात दाखविले असता, तेथील गृहस्थांनी लॅपटॉप न उघडताच मदरबोर्ड बदलावा लागेल असे सांगितले.

मागच्या आठवड्यात वळवाचा पाऊस होऊन गेल्यावर तासभर वीज नव्हती. आमच्याकडे इन्व्हर्टर नाही. मी तशीच बॅटरीवर एक कविता ध्वनिमुद्रित केली आणि ती आश्चर्य वाटावे इतकी स्वच्छ आली. त्यावरून दोष विजेतच आहे असे माझे मत झाले आहे. तरी स्टॅबिलायझर घ्यावा, की दुकानदार म्हणतात त्याप्रमाणे मदरबोर्ड बदलावा, याविषयी जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

निपाणीचा वायरमन

गुरुजी, नमस्कार. स्टॅबिलायझरवर पैसे घालवू नका. आपल्या चार्जरच्या पाठीवरचे बारीक अक्षर वाचा; बहुतेक सर्व लॅपटॉप-चार्जरवर १००-२४० व्होल्ट, ५०-६० हर्ट्झ असे छापलेले असते. इतका चढउतार तो चार्जर स्वतःच पचवितो, त्यामुळे स्टॅबिलायझरने आवाजात काडीचाही फरक पडणार नाही.

परंतु आपली कन्व्हर्टर पिन मला खटकली. चार्जरच्या वायरीची तिसरी, जाड पिन अर्थिंगची असते, आणि कन्व्हर्टर लावला की ती हवेत लोंबकळते. चार्जरच्या आत जे लहान कपॅसिटर असतात त्यांच्यातून अगदी थोडी वीज नेहमी पाझरत असते. अर्थिंग असेल तर ती जमिनीत जाते, नसेल तर लॅपटॉपच्या धातूच्या अंगावर येऊन बसते. चार्जर लावलेला असताना हाताचे उलटे बोट लॅपटॉपच्या झाकणावरून अगदी हलके फिरवून पाहा. पृष्ठभाग खरखरीत झाल्यासारखा वाटला किंवा बारीक झिणझिण्या आल्या, आणि चार्जर काढताच तेच झाकण गुळगुळीत लागले, तर अर्थिंग नाही असे समजा. ‘घूं’ आवाज येत असताना झाकणावर तळहात ठेवला आणि आवाज बदलला, तरी तीच खूण.

अर्थिंगचे काम मात्र स्वतः करू नका, परवानाधारक वायरमनकडूनच करून घ्या. काही जण तिसरी पिन सॉकेटच्या आत न्यूट्रलला जोडून देतात, काही नळाच्या पाइपाला तार गुंडाळतात. हे दोन्ही प्रकार जिवावर बेतू शकतात. घरामागे कोळसा आणि मीठ घातलेला जुना अर्थिंगचा खड्डा असेल, तर तो उन्हाळ्यात कोरडा पडलेला नाही ना, हेही त्यांना पाहावयास सांगा.

तिलकवाडी, दुसरे गेट

गुरुजी, निपाणीकरांनी सांगितलेले सर्व बरोबर आहे आणि सुरक्षिततेसाठी ते काम करून घ्यावेच. परंतु आपल्या तर्कात एक फट राहिली आहे, ती दाखविल्यावाचून राहवत नाही. वीज गेली तेव्हा एकटा चार्जर बंद पडला नाही. छताचा पंखा थांबला. आपण विणकरांच्या शहापुरात राहता, तेव्हा गल्लीतले यंत्रमागही थांबले असणार. शिवाय लॅपटॉप बॅटरीवर गेला की पुष्कळदा तो आपली गती आपणहून कमी करतो, आतून थंड होतो आणि त्याचा स्वतःचा पंखा मंदावतो. एकाच क्षणी चार संशयित घराबाहेर पडले आणि आपण त्यांतील एकाच्याच हाती बेड्या घातल्या.

म्हणून आधी प्रत्येकाला वेगवेगळे तपासा. माईकची पातळी व बूस्ट आत्ता आहेत तसेच ठेवा, नाहीतर तुलना फसेल. खोलीत गप्प बसून सर्व काही चालू असताना पंधरा सेकंद ध्वनिमुद्रण करा आणि ऑडॅसिटीच्या वरच्या पट्टीवर शांततेतील पातळी किती डेसिबलला रेंगाळते ते कागदावर लिहा (तेथे शून्य म्हणजे सर्वांत मोठा आवाज; उणे आकडा जितका मोठा तितकी शांतता अधिक). मग फक्त छताचा पंखा बंद करून पुन्हा पंधरा सेकंद. त्यानंतर लॅपटॉप गोधडीवरून उचलून कठीण पृष्ठभागावर ठेवा, उघडी असलेली इतर कामे बंद करा, दहा मिनिटे थांबा आणि पुन्हा मोजा. चार्जर सर्वांत शेवटी काढा. चार्जर आधी काढला तर त्याबरोबर लॅपटॉपचा पंखाही मंदावतो, आणि कमी झालेला आवाज विजेचा होता की पंख्याचा, हे कळत नाही.

गोधडीविषयी मुद्दाम लिहितो, कारण हेतू चांगला असूनही तेथेच घोटाळा झालेला दिसतो. बहुतेक लॅपटॉप पोटाखालून हवा आत ओढतात. गोधडीने ती जाळी बुजली की आतील पंखा जिवाच्या आकांताने फिरू लागतो, आणि तोच आपला ‘सूं’ असण्याची शक्यता मला सर्वाधिक वाटते. लॅपटॉपखाली जेवणाचा लाकडी पाट ठेवा. गोधडी वाया घालवू नका. ती आपल्या पाठीमागच्या भिंतीवर किंवा दोरीवर टांगा. आपण माईककडे तोंड करून वाचता तेव्हा माईकचे तोंड आपल्या मागच्या भिंतीकडे असते, आणि उघड्या भिंतीवरून परतणारा घुमारा गोधडी बऱ्यापैकी शोषून घेते.

आता बूस्टकडे वळतो. +२० डेसिबल म्हणजे संकेत दहापट आणि +३० म्हणजे सुमारे ३२ पट मोठा. हे मोठे करणे आंधळे असते; आपला आवाज जितका वाढतो तितकाच पंखा, माग आणि माईकची स्वतःची सूक्ष्म सरसरही वाढते. म्हणून नुसता बूस्ट कमी करूनही उपयोग होत नाही, कारण मग ध्वनिफीत बारीक येते, ऐकणारा मोबाइलचा आवाज वाढवितो आणि गेलेला गोंगाट मागल्या दाराने परत येतो. आपला आवाज आणि मागचा गोंगाट यांतील तफावत वाढली पाहिजे, आणि ती फुकटात वाढविण्याचा मार्ग म्हणजे माईकच्या जवळ जाणे. तोंड आणि माईक यांतील अंतर निम्मे केले की आवाज सुमारे ६ डेसिबलने वाढतो. आपण आत्ता दोन फुटांवरून वाचत असाल आणि सहा इंचांवर आलात, तर अंतर दोनदा निम्मे होते, म्हणजे १२ डेसिबल मिळाले. बंद खोलीत हा लाभ किंचित कमी भरतो, तरी तो कोणत्याही सॉफ्टवेअरपेक्षा प्रामाणिक असतो.

जवळ जाण्यासाठी वाकून बसू नका, कंबर धरेल. पाटाखाली जाड शब्दकोश रचून माईक तोंडाच्या उंचीवर आणा आणि थोडे तिरके बसा, म्हणजे प, फ, भ उच्चारताना निघणारा श्वासाचा झोत माईकवर थेट आदळणार नाही. मग टास्कबारवरील स्पीकरच्या चित्रावर उजवी क्लिक करून ‘साउंड सेटिंग्ज’, तेथून अगदी खाली ‘मोर साउंड सेटिंग्ज’, मग ‘रेकॉर्डिंग’ या पानावर माईकवर डबल क्लिक करून ‘लेव्हल्स’ उघडा. बूस्ट +१० वर किंवा शून्यावर आणा. मोठ्याने वाचलेली ओळ उणे १२ च्या आसपास पोहोचली तर उत्तमच, पण थोडी खाली राहिली तरी चिंता नको. स्वच्छ ध्वनिफीत नंतर मोठी करता येते.

विरामात चढणारा आवाज ही वेगळीच बाब आहे. आपण थांबलात की ‘बोलणारा दूर गेला’ असे समजून ड्रायव्हर (माईक चालविणारे लॅपटॉपमधील सॉफ्टवेअर) माईकची पातळी आपणहून वाढवितो, आणि आपण बोलताच घाईने खाली आणतो. विंडोज ११ च्या साउंड सेटिंग्जमध्ये आपला माईक निवडून ‘ऑडिओ एन्हान्समेंट्स’ बंद करा. काही लॅपटॉपमध्ये ध्वनीचे वेगळे अ‍ॅप असते. त्यातही अशी एखादी सोय चालू असेल तर तीही बंद करावी.

मदरबोर्डचे म्हणाल, तर वीज नसताना ध्वनिफीत स्वच्छ आली या एकाच गोष्टीने माईक निर्दोष ठरतो. खराब माईकला वीज गेल्याचे कळत नाही.

खानापूर, भजनी मंडळवाला

तिलकवाडीच्या मित्रांनी एन्हान्समेंट्स बंद करावयास सांगितले, त्यात माझ्याकडून अनुभवाची भर. गोंगाट काढून टाकणारी ‘नॉइज सप्रेशन’ नावाची सोय मी आमच्या मंडळाच्या ऑनलाइन भजनासाठी मोठ्या आशेने चालू केली होती. जो आवाज सलग एकसारखा टिकतो तो गोंगाट, असा तिचा ढोबळ हिशेब असतो. त्यामुळे तिने सर्वांत आधी तंबोऱ्याला गोंगाट ठरविले, मग पेटीचा लांबविलेला सूर खाल्ला, आणि पलीकडच्या लोकांना टाळांचा तुटक कचकचाट तेवढा ऐकू गेला. गुरुजी, आपण नुसते गद्य वाचत असाल तर ती सोय कदाचित चालेल, परंतु कविता चालीवर म्हणत असाल तर लांबविलेला स्वर ती कुरतडेल.

आणखी एक साधी गोष्ट. आपल्या मोबाइलमधील रेकॉर्डर एकदा वापरून पाहा. मोबाइलमध्ये पंखा नसतो, आणि तो एका विताच्या अंतरावर सहज धरता येतो.

शहापूरचे गुरुजी (बेळगाव)

आपणा सर्वांचे मनःपूर्वक आभार. मोबाइलवर करून पाहिले आणि आवाज चांगला आला हे मान्य करतो. परंतु वाचताना चुकलेली ओळ कापून जोडणे मला लॅपटॉपवरच जमते आणि डोळ्यांना मोठा पडदा लागतो, म्हणून लॅपटॉपचाच प्रश्न सोडवू इच्छितो. तपासणीला आज बसणार आहे. तत्पूर्वी एक शंका आहे. कॅमेऱ्याच्या दोन्ही बाजूंना दोन बारीक छिद्रे आहेत. त्यांतील माईक कोणता, आणि त्यात धूळ बसली असल्यास सुईने काढावी काय?

तिलकवाडी, दुसरे गेट

सुई मुळीच घालू नका! त्या छिद्रामागे माईकचा अतिसूक्ष्म पडदा असतो, तो एकदा फाटला की दुकानदाराचे म्हणणे खरे ठरेल. तोंडाने जोरात फुंकरही मारू नये. दात घासण्याचा नवा, मऊ, कोरडा ब्रश वरून हलका फिरविला तरी पुरे. बहुधा दोन्ही छिद्रांत माईक असतात, म्हणूनच विंडोज त्याला ‘मायक्रोफोन अ‍ॅरे’ म्हणते. खात्री करावयाची असेल तर ध्वनिमुद्रण चालू ठेवून प्रत्येक छिद्राशेजारी नखाने हलके खरवडा. जेथे पट्टी उसळी घेईल तेथे माईक आहे. पडद्यावर संरक्षक काच किंवा फिल्म लावली असेल तर तिची कड छिद्रावर आलेली नाही ना, तेही पाहा.

तपासणीचे तुकडे हेडफोन लावून ऐका, कारण विजेची मूळ गुणगुण ५० हर्ट्झची असते आणि इतका खालचा सूर लॅपटॉपचे लहान स्पीकर जवळजवळ वाजवीतच नाहीत. आणि डोळ्यांनी पाहावयाचे असेल तर शांततेचा तुकडा निवडून ‘अ‍ॅनालाइज’ मधील ‘प्लॉट स्पेक्ट्रम’ उघडा. ५०, १००, १५० अशा ठिकाणी सुळके दिसले तर ती विजेची गुणगुण. पंख्याच्या वाऱ्याचा मात्र पसरट डोंगर दिसतो. छताच्या पंख्याची मोटारही १०० हर्ट्झला गुणगुणू शकते, विशेषतः इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर खालच्या आकड्यावर असताना, तेव्हा १०० चा सुळका पाहून लगेच चार्जरला दोष देऊ नये.

शहापूरचे गुरुजी (बेळगाव)

चार दिवस लावून सर्व तपासणी केली, तिचा वृत्तांत सविस्तर देतो.

सर्व काही चालू असताना शांततेतील पातळी उणे ३४ होती. छताचा पंखा बंद करताच ती उणे ४० वर आली. हा पंखा माझ्या डोक्यावर तीस वर्षे फिरत आहे आणि तो आवाज करतो हे मला त्या दिवशी समजले. गोधडी काढून लॅपटॉप पाटावर ठेवला. दहा मिनिटांत खालून येणारी ऊब कमी झाली, ‘सूं’ जवळजवळ थांबला आणि पट्टी उणे ४७ वर स्थिरावली. शेवटी मोठ्या अपेक्षेने चार्जर काढला, तर आकडा उणे ४८ झाला. म्हणजे ज्या विजेला मी मुख्य आरोपी ठरविले होते, तिच्या वाट्याला एक डेसिबल आला. हेडफोनवर ‘घूं’चा शेवटचा अंश तेवढ्याने गेला हे खरे, तरी माझा निष्कर्ष फसला हे कबूल केले पाहिजे.

उणे ४८ वर जो आवाज उरला तो ओळखावयास प्लॉट स्पेक्ट्रमची गरज पडली नाही. तो मागच्या गल्लीतील यंत्रमागांचा खटखटाट होता. दुपारी जेवणासाठी माग थांबले तेव्हा त्याच खोलीत, त्याच बूस्टवर पातळी उणे ५५ भरली.

त्यानंतर बूस्ट +१० केला, एन्हान्समेंट्स बंद केली आणि पाटाखाली शब्दकोशाचे तीन खंड रचून माईकपासून सहा इंचांवर तिरका बसलो. आता मोठ्याने वाचलेली ओळ उणे १६ ला पोहोचते आणि माग चालू असतानाही शांतता उणे ६५ च्या आसपास राहते. पूर्वी ओळ उणे ८ ला आणि शांतता उणे ३४ ला होती, म्हणजे तफावत २६ ची होती, ती ४९ झाली. विरामात चढणारा आवाज पूर्णपणे थांबला आहे.

निपाणीच्या बंधूंनी सांगितलेली बोटाची परीक्षा केली असता झिणझिण्या स्पष्ट आल्या. वायरमनना बोलावले, त्या खोलीपर्यंत अर्थिंगची तार आलेलीच नव्हती, असे त्यांनी दाखविले. नवा तीन पिनांचा सॉकेट बसविला, अर्थिंगची जोडणी केली आणि आता झाकण गुळगुळीत लागते. ध्वनिफितीत यामुळे फारसा फरक पडला नसला तरी नातवंडे त्या लॅपटॉपला हात लावतात, म्हणून मी हे काम सर्वांत महत्त्वाचे मानतो.

आता एकच शेवटची शंका. उरलेला मागाचा खटखटाट ऑडॅसिटीच्या ‘नॉइज रिडक्शन’ने काढावा काय?

तिलकवाडी, दुसरे गेट

मागाचा नको. ती सोय आधी आपण दाखविलेला गोंगाटाचा नमुना शिकते आणि तशाच एकसारख्या आवाजाला पुढे दाबते. पंख्यासाठी ती चांगली आहे, परंतु ठोक्याठोक्याने बदलणाऱ्या खटखटाटापुढे तिचे चालत नाही, आणि जोर वाढविला तर आपलाच आवाज पाण्याखालून आल्यासारखा लागतो. उणे ६५ वरचा खटखटाट मुलांना मोबाइलवर ऐकूही जाणार नाही. हवे तर ८० हर्ट्झचा ‘हाय-पास फिल्टर’, म्हणजे त्याहून खालचे सूर गाळणारी सोय, लावा, म्हणजे जमिनीतून येणारी मागांची धमधम कमी होईल आणि आपल्या आवाजाला धक्का लागणार नाही. आणि जी कविता अगदी हळुवार म्हणावयाची असेल ती मागांच्या जेवणाच्या सुट्टीसाठी राखून ठेवा.

शहापूरचे गुरुजी (बेळगाव)

तसेच करतो. मागाचे मालक कन्नड बोलतात, मी मराठी. काल त्यांना घरी चहाला बोलावून पाटावरचा लॅपटॉप दाखविला. माग दुपारी एक ते दोन बंद असतात, आणि सोमवारी आणखी अर्धा तास, असे त्यांनी सांगितले आहे. येत्या सोमवारी दीडला बसतो.